हिरव्या भाज्यांची वही

माझ्या स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे एक दोनशे पानी वही असते. तिच्या पहिल्या पानावर 12 जुलै 2015 ही तारीख आहे आणि तिच्याखाली एवढेच लिहिले आहे : ‘तांदुळजा. लसूण-मिरचीवर परतून. तीन घास. चालेल.’ ही ओळ लिहिली तेव्हा मी तिशीला टेकले होते, आणि त्याआधीच्या आयुष्यात मी कोणतीही पालेभाजी आपल्या हाताने ताटात वाढून घेतल्याचे मला आठवत नाही. बटाटा, मटकीची उसळ, पिठले, वरण-भात, अंडी आणि कुरकुरीत परतलेली भेंडी एवढ्यावर माझे जेवण चालत असे. मेथी, शेपू, पालक, अळू, चाकवत, दोडका, दुधी, गवार, घेवडा, कोबी, कारले यांपैकी काहीही पानात आले की पहिला घास तोंडात जाण्याआधीच माझा घसा आवळून येई.

आपल्याकडे याला ‘नखरे’ म्हणतात. हा शब्द मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला आहे की त्याविषयी मला थोडे सविस्तर बोलायचे आहे. नखरा हा केला जातो. तो करणाऱ्याच्या हातात असतो, आणि मनात आणले तर तो सोडताही येतो. ज्या मुलाला मेथीचा घास तोंडात घेतल्यावर खरोखरच उमासा येतो, ते मूल काहीही ‘करत’ नसते. त्याला जे जाणवते ते समोर बसलेल्या मोठ्या माणसाला जाणवत नाही, एवढाच काय तो फरक असतो, आणि तो समजून घेतला नाही तर पुढची कितीतरी वर्षे वाया जातात, असा माझा अनुभव आहे.

माझे बालपण कराडमध्ये गेले. घरी आजीचा नियम होता की पानात वाढलेले संपवल्याशिवाय उठायचे नाही. आजीने 1972 चा दुष्काळ पाहिला होता, रेशनवरची लाल मिलो ज्वारी दळून तिच्या भाकरी केल्या होत्या, आणि अन्न टाकणे हा तिच्या दृष्टीने गुन्हाच होता. तिचा राग मला आज पूर्णपणे समजतो. पण तिसरीत असताना एका रविवारी मेथीच्या भाजीसमोर मी सकाळी साडेअकरापासून दुपारी तीनपर्यंत बसून होते, भाजी गार होऊन तिच्यावरचे तेल थिजले होते, आणि शेवटी डोळे मिटून ती गिळल्यावर मी मोरीत जाऊन ओकले होते, हेही मला तितकेच स्पष्ट आठवते. त्या दिवसानंतर मेथीचा नुसता वास आला तरी माझ्या डोळ्यांसमोर ती मोरी येत असे. नावडती भाजी आणि धास्तीची भाजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेथी माझ्यासाठी पहिलीतून दुसरीत गेली ती त्या रविवारी.

आईने वेगळा मार्ग धरला होता. ती भाजी लपवत असे. पालकाच्या पुऱ्या, किसलेल्या दुधीची थालीपिठे, मेथी अगदी बारीक चिरून केलेले पराठे हे सगळे मी आनंदाने खात असे, आणि आईला वाटे की हळूहळू सवय होईल. तशी सवय झाली नाही. पुरीतला पालक खाऊन मला पुरी आवडली. पालकाशी माझी ओळखच झाली नव्हती, कारण तेलात तळलेल्या कणकेपलीकडे जिभेला त्यात काही सापडतच नव्हते. शिवाय एकदा कोथिंबीर वडी म्हणून दुधीच्या वड्या माझ्या पानात आल्या, आणि ते कळल्यावर पुढे वर्षभर मी खरीखुरी कोथिंबीर वडीसुद्धा मोडून, आत डोकावून पाहिल्याशिवाय खाल्ली नाही. मुलांच्या पोटात चार पाने जावीत म्हणून आया हे करतात, आणि त्या दिवसापुरते ते ठीकही असते. भाजी आवडायला शिकणे हे मात्र वेगळे काम आहे, आणि ते भाजी उघडपणे समोर असल्याशिवाय होत नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

माझ्या जिभेविषयी पहिली खरी माहिती मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मिळाली. आनुवंशिकीच्या प्रात्यक्षिकात बाईंनी प्रत्येकीला फिल्टर कागदाची एक बारीक पट्टी जिभेवर ठेवायला दिली. तिच्यावर फिनाइलथायोकार्बमाइड, म्हणजे पीटीसी नावाचे रसायन लावलेले होते. माझ्या शेजारच्या मैत्रिणीला ती साध्या कागदासारखी लागली. मी मात्र नळाकडे धावले. हा फरक प्रथम लक्षात आला तो 1931 च्या सुमारास, अमेरिकेत आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत. भुकटी हवेत उडाली तेव्हा त्याच्या सहकाऱ्याला ती अतिशय कडू लागली आणि खुद्द फॉक्सला काहीच लागले नाही. त्यामागचे मुख्य जनुक 2003 साली ओळखले गेले. त्याचे नाव टीएएसटूआर थर्टीएट. कोबी, मोहरी, मुळा, नवलकोल या कुळातल्या भाज्यांमध्ये पीटीसीशी रासायनिक नाते असलेली कडू द्रव्ये असतात, त्यामुळे ज्यांना ती पट्टी कडू लागते त्यांना या भाज्यांचाही कडूपणा अधिक जाणवण्याचा संभव असतो. मेथीचा किंवा कारल्याचा कडूपणा निराळ्या द्रव्यांमुळे येतो आणि तो या एका जनुकाने समजावून सांगता येत नाही, हेही लिहिले पाहिजे, नाहीतर ‘माझ्या जनुकातच आहे’ म्हणून सगळ्याच भाज्यांना कायमचा नकार देण्याची सोय होते. मी ती सोय बरीच वर्षे वापरली.

कडू चवीची ही नावड मुळात शरीराच्या राखणीसाठी आहे. अनेक विषारी वनस्पती कडू असतात. आपल्या रोजच्या दुधीतही एखादा कडूजहर निघतो, आणि असा दुधी खाल्ल्यास किंवा त्याचा रस प्यायल्यास माणूस गंभीर आजारी पडू शकतो. म्हणूनच दुधी किंवा काकडी चिरताना आधी टोकाचा तुकडा चाखून पाहण्याची पद्धत घरोघरी आहे. साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात मुले नव्या पदार्थांना सर्वाधिक नकार देतात. चालायला लागलेले मूल हाताला येईल ते पान तोंडात घालू नये, यासाठी ही भीती उपयोगीच पडली असणार. ती बहुतेकांच्या बाबतीत वयाबरोबर ओसरते. माझी ओसरली नाही. पुढे वसतिगृहात रोज दुपारी येणारा, तास-दीड तास शिजलेला, पिवळट पाण्यात पोहणारा कोबी हेही त्याचे एक कारण होते.

2015 च्या जून महिन्यात जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून मी रक्त तपासून घेतले. हिमोग्लोबिन 8.9 निघाले. स्त्रियांमध्ये ते 12 च्या खाली गेले की रक्तक्षय धरला जातो. माझे काही जगावेगळे नव्हते. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. डॉक्टरांनी लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि जेवणाची चौकशी केली. मी खरे ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. ‘गोळ्यांनी रक्त वाढेल,’ त्या म्हणाल्या, ‘पण गोळ्या आयुष्यभर खाणार आहात का?’

घरी आल्यावर मी फॉलिक हा शब्द शोधला. तो ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे, कारण हे जीवनसत्त्व 1941 साली पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. पण त्याची कथा त्याआधी आपल्या मुंबईत सुरू होते. लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर 1928 साली मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांमध्ये दिसणाऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे 1931 मध्ये दाखवून दिले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे पानांत सापडलेले फॉलेट. त्या बायकांच्या जेवणात ते पुरेसे नव्हते, आणि मला मात्र दाराशी दहा रुपयांत जुडी मिळत असताना मी ती घेत नव्हते, या विचाराने मी फार अस्वस्थ झाले. भीती किंवा उपदेश यांनी जे झाले नव्हते ते या एका माहितीने झाले, असे मला आजही वाटते.

एक गोष्ट येथेच नीट सांगते. माझे हिमोग्लोबिन वाढवले ते गोळ्यांनी. पालकात लोह असते, पण त्यातली काही द्रव्ये ते लोह शरीराला सहजी लागू देत नाहीत. सोबत लिंबू किंवा आवळा असला तर वनस्पतींतले लोह अधिक शोषले जाते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. त्यामुळे ‘पालक खा, रक्त वाढेल’ हे जितक्या सहज म्हटले जाते तितके ते सोपे नाही. पालेभाज्यांतून मिळते ते फॉलेट, अ जीवनसत्त्वासाठी लागणारे कॅरोटिन, चोथा आणि इतर बरेच काही. जागतिक आरोग्य संघटना भाज्या आणि फळे मिळून दिवसाला किमान 400 ग्रॅम खावीत असे सांगते. माझे त्या वेळचे खाणे त्याच्या पाव हिश्शाइतकेही नव्हते.

त्या वेळी मी पुण्यात एकटी राहत होते, आणि शेजारच्या घरात लातूरकडच्या एक काकू होत्या. संध्याकाळी त्या गॅलरीत वर्तमानपत्र पसरून भाजी निवडत बसत. मी त्यांना डॉक्टरांचे सांगितले, आणि मला भाज्या आवडत नाहीत हेही. त्यावर त्यांनी खाण्याचा आग्रह मुळीच केला नाही. त्या म्हणाल्या, ‘खाऊ नको ना मग, पोरी. निवडू तरी लाग मला.’

मी निवडू लागले, आणि मला वाटते की माझे शिक्षण तेथून सुरू झाले. आठवडाभर मी रोज अर्धा तास पाने खुडत होते आणि एक घासही खात नव्हते. मेथीचा कोवळा देठ ठेवायचा आणि जून देठ काढायचा, शेपूचे फक्त मऊ शेंडे घ्यायचे, राजगिऱ्याचे देठ सोलून घ्यायचे, पालकाच्या पानामागे किडीची अंडी आहेत का ते उजेडात धरून पाहायचे, हे हातांना कळत गेले. चुक्याचे पान बोटांत चुरगळले की आंबट वास येतो, हे तोवर मला ठाऊकच नव्हते. ज्या वस्तूकडे तीस वर्षे मी फक्त ताटात, शिजलेल्या लगद्याच्या रूपात पाहिले होते तिला आकार आणि वास आला, आणि शेपू म्हणजे काय, माठ म्हणजे काय, हे डोळे मिटूनही सांगता येऊ लागले. पुष्कळ वर्षे ‘पालेभाजी’ हा माझ्यासाठी एकच शत्रू होता. गॅलरीतल्या त्या आठवड्यात त्याची पंधरा वेगवेगळी नावे झाली.

मग तांदुळजा आला. काकूंनी मुद्दामच सौम्य भाजीपासून सुरुवात केली. तांदुळजा, राजगिरा, लाल माठ यांना कडूपणा जवळजवळ नसतो. भाजी चिरण्याआधी धुवायची, चिरल्यावर नाही, कढईत तेल जरा सढळ, भरपूर लसूण ठेचून, तो बदामी होईपर्यंत परतायचा, हिरवी मिरची, मग भाजी घालून झाकण न ठेवता परतायची, आणि मीठ अगदी शेवटी. हे शेवटी घालण्याचे कारण साधे आहे : कढई भरून दिसणारी भाजी पाच मिनिटांत वाटीभर होते आणि आधी अंदाजाने घातलेले मीठ जास्त पडते. झाकणाचेही कारण आहे. पाने शिजताना त्यांतली आम्ले वाफेबरोबर बाहेर पडतात; झाकण ठेवले तर ती परत भाजीतच उतरतात आणि हिरवा रंग मळकट होतो. वसतिगृहातल्या भाजीचा तो शेवाळी रंग कोठून येत होता, हे मला काकूंच्या कढईपाशी कळले.

मीठ चव वाढवते एवढेच मी समजत होते. ते कडूपणा दाबते, हेही तेव्हा कळले. डॉक्टरांनी किंवा घरातल्या मोठ्यांनी ‘भाजी खा’ म्हणताना तेल-मीठ अगदी कमी करून, उकडलेली भाजी नवशिक्यापुढे ठेवू नये, असे मला मनापासून वाटते. ज्याला मुळात भाजीच खाता येत नाही त्याला आधी चवदार भाजी मिळाली पाहिजे. तेल कमी करण्याचा विचार दोन वर्षांनी करता येतो.

तांदुळज्यानंतर काकूंनी आंबट भाज्या काढल्या, आणि हा त्यांचा विचार फार शहाणपणाचा होता. कैरी, चिंच, कोकम मला लहानपणापासून प्रिय. तेव्हा चुका आणि अंबाडी यांच्यापर्यंत जायला माझ्या जिभेला ओळखीची वाट मिळाली. अंबाडी आधी उकडून, पिळून, तिचे जास्तीचे आंबट पाणी काढून टाकायचे, मग तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवून घोटायची, आणि वाढताना वरून लसणीची कडकडीत फोडणी ओतायची. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर ही भाजी खाल्ली त्या दिवशीच्या नोंदीत मी ‘आवडली’ हा शब्द प्रथम लिहिला आहे. तारीख 2 ऑगस्ट 2015. त्याच्यापुढे मी काही लिहिले नाही, पण त्या रात्री आईला फोन करून हे सांगितले आणि ती बराच वेळ काही बोलली नाही.

वहीत मी चारच शेरे वापरते : नको, चालेल, आवडली, पुन्हा कर. शेवटचा शेरा सगळ्यांत अवघड. एखादी भाजी पुढे आल्यावर खाता येणे निराळे आणि मंडईत ती दिसल्यावर हात आपोआप तिच्याकडे जाणे निराळे.

थंडीत चाकवत आला. ताकात, थोडे बेसन लावून, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून केलेली त्याची पातळ भाजी मला तिसऱ्या खेपेला आवडली. पालकाची गोष्ट मजेशीर म्हणावी इतकी साधी निघाली. मला पालक आवडत नव्हता असे मी समजत होते, पण मला खरे तर त्याच्यातली माती आवडत नव्हती. काकू मोठ्या पातेल्यात पाने बुडवून दहा मिनिटे ठेवत, माती तळाशी बसू देत आणि पाने वरच्यावर उचलून घेत. पाणी पाने धरून ओतले तर खाली बसलेली माती पुन्हा पानांवर येते. असे तीनदा केले की दाताखाली कचकच येत नाही. कोबीचेही तसेच. कोबी जितका जास्त शिजवावा तितका त्याच्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांचा उग्र वास वाढत जातो. मी तो आता बारीक चिरून, मोहरी-हिंगाच्या फोडणीवर चार-पाच मिनिटेच परतते, किंवा कच्चाच, दाण्याचे कूट आणि लिंबू घालून त्याची पचडी करते. अळूला खाज असते ती त्याच्या पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. म्हणून हाताला तेल लावून ते चिरायचे, भरपूर शिजवायचे, आणि चिंच घालायला विसरायचे नाही. हे नीट झाले तर अळूच्या फदफद्यात गुळाबरोबर जो मऊपणा येतो तो मला आज कोणत्याही पक्वान्नाइतका प्रिय आहे.

मेथी राहिली होती. काकूंना मोरीची गोष्ट मी सांगितलेली होती, आणि म्हणून त्यांनी मेथी शिजवलीच नाही. त्यांनी घोळाणा केला : कोवळी मेथी बारीक चिरून, कच्चा कांदा, दाण्याचे कूट, मीठ, थोडे तिखट आणि वरून कच्चे तेल. त्याला शिजलेल्या मेथीचा वास नव्हता, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर काही आले नाही. घास कडू लागला, पण तो कडूपणा चटकन आला आणि चटकन गेला. वहीत मेथीच्या अकरा नोंदी आहेत तेव्हा कुठे ‘आवडली’ दिसते : तीनदा घोळाणा, दोनदा वाळूत वाढवलेली समुद्रमेथी, मग मुगाची डाळ घालून, मग पीठ पेरून, आणि अकराव्या वेळी आजी करायची तशी, लसणीवर नुसती परतलेली. ही अकरा वेळांची गोष्ट मला पुढे वाचनातही भेटली. लीॲन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली लहान मुलांवर एक अभ्यास केला होता, ज्यात काही अनोळखी पदार्थ मुलांनी नुसते पाहिले आणि काही पुन्हा पुन्हा चाखले. पाहून पदार्थ दिसायला आवडू लागला, पण चव आवडली ती चाखलेल्या पदार्थांचीच. लहान मुलांबाबत आठ-दहा ते पंधरा वेळा थोडे थोडे चाखावे लागते, असे बरेच अभ्यास सांगतात. आपण घरी साधारणपणे तिसऱ्या वेळी ‘याला आवडतच नाही’ असे ठरवून मोकळे होतो.

शेपू सगळ्यांत शेवटी आला. 2016 च्या अखेरीस माझे लग्न झाले, सासर फलटणचे. 2017 च्या गौरींत, आवाहनाच्या दिवशी, नैवेद्याला शेपूची भाजी आणि भाकरी होती. शेपूचा वास मला तोवर सहन होत नव्हता; वहीत त्याच्यापुढे सात वेळा ‘नको’ आहे. सासूबाईंना मी आधीच सांगितले होते, आणि त्यांनी माझ्या पानात प्रसादापुरती, चमचाभर भाजी वाढली आणि माझ्याकडे न पाहता पुढे गेल्या. पंगतीत पंधरा माणसे होती आणि माझ्या घासाकडे कोणाचेच लक्ष नव्हते. मुगाची डाळ मऊ शिजलेली, लसूण भरपूर, भाकरी चुलीवरची. मी तो चमचा संपवला आणि थोड्या वेळाने पुन्हा मागून घेतला. ती भाजी तेव्हा का आवडली याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भूक लागलेली होती, हे एक. दुसरे असे की खाल्ले काय आणि न खाल्ले काय, कोणाला काही फरक पडणार नव्हता, आणि माझ्या ताटावर कोणाची नजर नसलेले माझ्या आठवणीतले ते पहिले पालेभाजीचे जेवण होते.

2019 मध्ये मुलगी झाली. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना मी सगळ्या भाज्या खात होते. आईच्या आहारातल्या चवी गर्भजलातून आणि दुधातून बाळापर्यंत पोहोचतात, आणि 2001 साली ज्युली मेनेला यांनी गाजराच्या रसावर केलेल्या अभ्यासात अशी बाळे पुढे गाजराची चव अधिक सहज स्वीकारताना दिसली. त्यामुळे मला मोठी आशा होती. प्रत्यक्षात माझी लेक पालक, चाकवत आणि अळू खाते, आणि दोडक्याला हातही लावत नाही. माझी आई राहायला येते तेव्हा तिला हे पाहवत नाही. ‘एक घास तरी खा गं, सोन्या,’ ती म्हणते, आणि मी आईला हळूच सांगते की राहू दे. भाजी कोणती करायची हे मी ठरवते; ती किती खायची किंवा खायचीच नाही, हे लेक ठरवते. दोडका पंधरा दिवसांतून एकदा होतो, तिच्या ताटात एक फोड असते, आणि ती फोड तशीच राहिली तर मी ती खाते. आईशी यावरून माझे दोनदा कडाक्याचे बोलणे झाले. दुसऱ्या वेळी मी तिला तिसरीतला तो रविवार आठवतो का, असे विचारले. तिला आठवत होता. ती म्हणाली, ‘मी तेव्हा ओट्यापाशी उभी राहून रडत होते. सासूबाईंपुढे काय बोलणार?’ हे मला बत्तीस वर्षे माहीत नव्हते.

लेक आता लिहायला लागली आहे आणि तिने वहीचे एक पान स्वतःसाठी मागून घेतले आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘दोडका नको’ असे लिहिले आहे. त्याच्या खाली भरपूर जागा आहे.

कारल्याविषयी लोक मला नेहमी विचारतात. ‘कडू कारले, तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच’ ही म्हण खरीच आहे, कारण मीठ लावून पिळल्याने कारल्याचा कडूपणा कमी होतो, जात नाही. चिंच-गूळ आणि तिळाचे कूट घालून केलेली कारल्याची भाजी मी खाते. शेरा ‘चालेल’. तो गेल्या सहा वर्षांत बदललेला नाही आणि मी तो ओढूनताणून बदलणार नाही.

सध्या माझा अभ्यास टाकळ्यावर चालू आहे. पहिले दोन-तीन पाऊस झाले की मुळशी-मावळकडच्या बायका रस्त्याच्या कडेला टोपल्यांतून टाकळा, कुर्डू, फोडशी घेऊन बसतात. या भाज्या कोणी पेरत नाही. त्या उगवतात, आणि कोवळ्या असतात तेवढे काही दिवसच खाता येतात. कुर्डू मला पहिल्याच वर्षी आवडला. टाकळ्याला किंचित कडवट, जरा रानटी वास आहे. एकदा कांद्यावर परतून पाहिला, एकदा ओले खोबरे घालून, एकदा फणसाच्या आठळ्या घालून. गेल्या रविवारी पाचवी वेळ होती. विकणाऱ्या मावशींनी सांगितल्याप्रमाणे फक्त शेंड्याची मिटलेली पाने घेतली आणि लसूण दुप्पट केला. वहीत लिहिले आहे : ‘टाकळा. अजून नको. पण कालच्यापेक्षा दोन घास जास्त गेले. मावशी बुधवारी पुन्हा येणार आहेत.’